श्राव्यातीत ध्वनी, अर्धसंवाहक स्फटिक आणि परभणीचा विद्यावारसा

परभणी जिल्ह्यातील विज्ञानाध्ययनाचा इतिहास जिल्ह्याच्या आजच्या सीमांतच शोधू गेल्यास तो अपुरा राहतो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा हैदराबादेत मोडत असे, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच या प्रदेशाचे विद्यापीठ होते. तेथील अध्यापन १९४८ पर्यंत उर्दूतून, पुढे इंग्रजीतून चाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ व १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ निघाले, आणि हैदराबादशी असलेला शैक्षणिक संबंध मागे पडला.

हा संबंध विसरण्याजोगा नाही. १९५२ ते १९५७ या काळात उस्मानियाचे कुलगुरू असलेले सूरी भगवंतम् हे स्फटिकांच्या श्राव्यातीत परीक्षणाचे भारतातील एक अग्रणी होत. वॉल्टेअर येथे असताना त्यांनी व भीमसेनाचार यांनी १९४४ मध्ये हिऱ्याचे स्थितिस्थापकत्वांक श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने निश्चित केले. हिऱ्यातील अणूंची जी मांडणी, तीच जर्मेनियम व सिलिकॉन या अर्धसंवाहकांची. म्हणून ही मापनपद्धती पुढे त्यांनाही लागू पडली.

जर्मेनियममध्ये आर्सेनिकाचे अत्यल्प अणू मिसळले म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉन उत्पन्न होतात. ते ऊर्जेच्या चार समान दऱ्यांत वाटले गेलेले असतात. तरंगामुळे स्फटिकाचा आकार किंचित पालटतो, तेव्हा काही दऱ्या खोल व काही उथळ होतात. इलेक्ट्रॉन खोल दऱ्यांकडे वळतात खरे, परंतु त्यांना वेळ लागतो, आणि या विलंबापायी तरंगाची ऊर्जा खर्ची पडते. तरंगाची कोनीय वारंवारता व विलंबकाल यांचा गुणाकार १ झाला असता दर आवर्तनातील ऱ्हास सर्वाधिक होतो. अमेरिकेत वाइनराइख, सँडर्स व व्हाइट यांनी १९५९ मध्ये, आणि मेसन व बेटमन यांनी १९६४ मध्ये, या मार्गाने इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाचा शोध घेतला.

या विलंबालाच भौतिकीत ‘रिलॅक्सेशन’ म्हणतात. मराठीत त्यास ‘शिथिलन’ हा शब्द योजला जातो. परंतु ‘शिथिल’ म्हणजे सैल, ढिला हा अर्थ मनात रुजलेला असल्याने स्फटिकच दुर्बल होतो असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः येथे सैल काहीच होत नाही. ढळलेला समतोल पुन्हा साधण्यास लागणारा काळ एवढेच अभिप्रेत आहे. तीन भाषांतून विज्ञान शिकलेल्या या प्रदेशात केवळ प्रतिशब्द देऊन अध्यापकाचे कार्य संपत नाही. शब्दामागील क्रिया प्रथम सांगावी, संज्ञा मागाहून यावी, हेच श्रेयस्कर होय.