कोकण रेल्वे आणि दरडींचा धोका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत स्थायिक झालेली कोकणातील अनेक कुटुंबे गणेशोत्सवासाठी दिवा किंवा ठाणे स्थानकातून कोकण रेल्वेने गावी जातात. हा उत्सव ऐन पावसाळी वेळापत्रकाच्या काळात येत असल्याने प्रवासाला लागणाऱ्या जादा वेळेबद्दल दरवर्षी नाराजी व्यक्त होते. मात्र या विलंबामागे दोन भीषण अपघातांचा इतिहास आहे.

रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. सह्याद्री आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्ट्यातून जाणाऱ्या या मार्गासाठी ९० हून अधिक बोगदे खोदावे लागले. जेथे बोगदा नाही, तेथे अनेक ठिकाणी डोंगर कापून वाट काढण्यात आली. रेल्वेच्या भाषेत अशा जागेस ‘कटिंग’ म्हणतात. काही कटिंग २० मीटरहून अधिक खोल आहेत.

दरड का कोसळते?

कोकणात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो. येथील जांभा खडक सच्छिद्र आहे. त्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडते. त्यामुळे वरच्या मातीचे वजन वाढते, थरांची परस्परांवरील पकड सुटते आणि संपूर्ण उतार घसरतो. काळ्या पाषाणाच्या कटिंगमध्ये धोका वेगळा असतो. खडकाच्या भेगांमधील माती पाण्याने वाहून गेली की तिच्या आधाराने राहिलेले धोंडे निखळून थेट रुळांवर येतात.

दोन अपघात, दोन वर्षे

२२ जून २००३ रोजी रात्री कारवारहून मुंबईला येणारी विशेष गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. त्यात ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच प्रकारे धोंड्यांवर आदळून पुलावरून कोसळली. त्या दुर्घटनेतही १० हून अधिक बळी गेले.

त्यानंतर भू-सुरक्षेच्या कामांना वेग देण्यात आला. धोकादायक उतारांवर पोलादी जाळ्या बसविण्यात आल्या, सैल धोंडे काढण्यात आले, उतारांची तीव्रता कमी करण्यात आली. संरक्षक भिंती, पाणी वाहून नेणारे चर आणि माती धरून ठेवणाऱ्या वाळ्याची लागवड हेही उपाय योजण्यात आले. पावसाळ्यात अहोरात्र गस्त घातली जाते. पर्जन्यमापकांच्या नोंदींवरही लक्ष ठेवले जाते.

तरीही प्रत्येक उतारावर खात्रीचा उपाय करता येत नाही. म्हणूनच वेगमर्यादा हे महत्त्वाचे संरक्षण ठरते. गाडीचा वेग निम्म्यावर आणल्यास ती थांबण्यास लागणारे अंतर साधारण एक चतुर्थांश होते. वळणावरील कटिंगमध्ये चालकाला पुढचे थोडेच दिसत असते. तेथे हाच फरक निर्णायक ठरतो. मुसळधार पावसात दृश्यता कमी झाल्यास ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालविण्याच्या सूचना चालकांना असतात. पावसाळी वेळापत्रक २०२४ पर्यंत साधारणपणे १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात लागू असे. २०२५ मध्ये हा कालावधी १५ जून ते २० ऑक्टोबर असा करण्यात आला.

पर्यायी मार्गही घाटातूनच

रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढील बहुतांश मार्ग मात्र एकेरी असल्याने एक दरडही संपूर्ण वाहतूक रोखू शकते. १४ जुलै २०२४ रोजी खेडनजीक दिवाणखवटी येथील बोगद्याजवळ दरड कोसळली, तेव्हा हेच घडले. अशा वेळी लांब पल्ल्याच्या काही गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावकडे वळविल्या जातात. कल्याणमार्गे वळविलेल्या गाड्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ओलांडूनच कर्जतला पोहोचतात.

हा मार्गही निर्धोक नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे १०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोरघाटात मंकी हिल ते नागनाथदरम्यान मार्गाचे नुकसान झाले आणि अनेक गाड्या दीर्घकाळ रद्द राहिल्या. २३ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या पुरामुळे मडगाव, लोंढामार्गे वळविलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागर ते सोनावळीदरम्यान दरडीमुळेच घसरली. सुदैवाने त्यात जीवितहानी झाली नाही.

कोकणात जाण्याचे हे दोन्ही लोहमार्ग सह्याद्रीच्या उतारांवरच विसंबून आहेत. त्यामुळे पावसाळ्यात वाढणारा प्रवासाचा वेळ हा सुरक्षिततेसाठी मोजावा लागणारा भाग आहे. निघण्यापूर्वी गाडीची सद्यस्थिती पाहणे आणि प्रवासात काही तासांची सवड ठेवणे श्रेयस्कर ठरते.