काळी, पांढरी आणि परवाना

मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे उभी राहिली, पडली, त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा उभी राहिली. चुलीची राख आणि भिंतींची माती एकमेकींत मुरत गेली आणि त्या जागेचा रंगच पालटला. काळीत घर बांधायचे नाही आणि पांढरीत नांगर घालायचा नाही, हा अलिखित दंडक होता. आज नगररचना खाते नकाशावर हिरवे-पिवळे पट्टे ओढते, तेच काम तेव्हा मातीच्या रंगाने केले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाव्यानिशी वर्णन आढळते.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना सावध असावे. पांढरीतही कोणाचे घर कोठे, हे जातीने ठरवलेले होते. काही वस्त्या गावकुसाच्या आत आणि काही कायमच्या बाहेर. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज त्या वेशीबाहेरच्या वस्त्यांतूनच आलेले आहेत. त्या निवाड्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती. परवाना नव्हता, तसे अपीलही नव्हते.

आखणी करून वसवलेला बाजार पाहायचा तर लातूरच्या गंजगोलाईत जावे. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती वर्तुळाकार दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. निजामाच्या अमलात, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावरून १९१७ साली ही वास्तू उभी राहिली, अशी नोंद सांगितली जाते. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर चपलांची दुकाने, कोठे मिरची, कोठे गूळ. गिऱ्हाइकाला पत्ता विचारावा लागत नाही. नाक आणि कानच वाट दाखवतात. छोट्या व्यापाऱ्याला हक्काची जागा आखून दिली, तर तो ती तीन-तीन पिढ्या सांभाळतो, याचे गोलाई हे बोलके उदाहरण आहे. पुढे १९८२ साली उस्मानाबादेपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि शहर त्या वर्तुळाबाहेर भराभर पसरले.

या साऱ्या मांडणीची खरी कसोटी लागली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद; उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे अनेकांची कबर झाले.

पुढील प्रश्न असा की, नवे गाव कोठे आणि कसे वसवायचे? औसा, उमरगा आणि लोहारा या भागांतील जी बावन्न गावे जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली, त्यांना नव्या जागी हलवण्याचा निर्णय झाला. पांढरी सोडून काळीत जाण्याचा हा निर्णय होता. जुन्या दंडकाच्या नेमका उलट. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालला. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरवण्यात आला. भूमिहीन व अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. शासनाच्या दृष्टीने हा हिशेब सरळ होता. त्यामागचा न्यायही समजण्यासारखा आहे, कारण कोणाचे काय गेले हे मोजण्यास सातबाराखेरीज दुसरा कागद हाताशी नव्हता. पण एका आकाराची घरे एका रांगेत आली की भाऊ एका टोकाला आणि भावकी दुसऱ्या टोकाला जाते. भिंतीला भिंत लागून असलेला शेजार मोडतो. रुंद, सरळ रस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांना बसायला पार सापडत नाही.

धंद्याचे तर याहून अवघड झाले. जुन्या गावात लोहाराचा भाता घरालगत असे, कुंभाराचा आवा वस्तीच्या कडेला असे, आणि वाण्याचे दुकान म्हणजे त्याच्याच घराची ओसरी. घर आणि उदीम यांच्यात भिंत नव्हती. नव्या आराखड्यांत घर म्हणजे निव्वळ राहण्याची जागा. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत, दुकाने यांच्यासाठी वेगळे चौकोन आखलेले. नकाशा काढणाऱ्याने धंदा विचारला नाही, क्षेत्रफळ विचारले. आखणारे वाईट होते असे मुळीच नव्हे, घाई मोठी होती. पावसाळ्याआधी छप्पर द्यायचे की ओसरीचा विचार करीत बसायचे, असा पेच ज्याच्यापुढे आहे त्याला दोष देणे सोपे असते.

जी गावे जागच्या जागी दुरुस्त व्हायची होती, तेथे मात्र वेगळा प्रयोग झाला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदानाचा हप्ता का अडला, अभियंत्याने भिंत का नापसंत केली, याची उत्तरे त्या कचेरीतून आणून घराघरांत सांगत आणि घराघरांतली गाऱ्हाणी कचेरीत पोहोचवीत. उंबऱ्याबाहेर बोलण्याची ज्यांना सवय नव्हती, अशा कित्येकींनी तेव्हा प्रथमच साहेबाच्या टेबलासमोर उभे राहून प्रश्न विचारला.

येथे मला गणना या पुस्तकातील सलाफहादच्या पाच कन्या आठवतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पिता रानात वारला, भाऊ नाही, म्हणून वतनाचा वाटा बुडणार होता. त्या मोशेसमोर, याजकासमोर आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या. मोशेने ते प्रकरण परमेश्वरापुढे ठेवले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. गंमत अशी की, त्याच पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात त्यांच्या कुळातील वडीलधारे प्रति-अपील घेऊन येतात आणि निकालाला अट जोडली जाते : विवाह आपल्याच वंशात करावा. जागेचा तंटा एका सुनावणीत मिटत नाही, हे तेव्हापासूनचे आहे.

आपल्या राज्यात ही दाद मागण्याची वाट १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आखून दिली. त्याच वर्षी जमीन महसूल संहिताही आली. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत हरकत घेता येते. बांधकामाच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर नियमांत बसणारे काम मंजूर मानले जाते. नकार आला तर चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कागदावर ही तरतूद उदार आहे. पण गिरणी किंवा शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्याला चाळीस दिवस म्हणजे काय? नोटीस इंग्रजी वळणाच्या मराठीत, वकील जिल्ह्याच्या गावी, आणि मुंबई लातूरहून सुमारे पाचशे किलोमीटरांवर. वसईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे गावेच्या गावे उभी राहिली, तेव्हा कोठे हरकतीला वजन आले. (त्याच फादरांनी २०२० साली मराठवाड्यात, उस्मानाबादेस, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.)

एकट्याने अर्ज करणाऱ्याने मग दुसरी वाट धरली, ती गुंठेवारीची. शेतमालकाने शेताचे तुकडे पाडले आणि पै-पै साठवलेल्या शिक्षकाने, हमालाने, दुकानदाराने मुद्रांकावर गुंठा-दोन गुंठे घेतले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घराला पुरे, पण कायद्याला अपुरा. अकृषिक परवाना नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही. तो नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. २००१ साली शासनाने अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा कायदा केला आणि १ जानेवारी २००१ ही सीमारेषा ठरवली. २०२१ साली ती रेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकवावी लागली. वीस वर्षांत कायदा वस्तीच्या मागेच धावत राहिला.

नांदेडला महानगरपालिका १९९७ साली झाली. गुरू गोविंदसिंगजींच्या स्मृतीशी निगडित गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा २००८ साली तेथे झाला, त्यासाठी केंद्राच्या योजनेतून निधी आला आणि जुन्या नगरातील रस्ते रुंद झाले. भाविकांची सोय झाली. पण रस्ता रुंद करताना आधी जाते ती दुकानाची दर्शनी पट्टी, म्हणजे नेमकी धंद्याची जागा.

पुढे महसूल संहितेत आणखी एक कलम आले. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतील जमीन निवासासाठी रूपांतरित झाल्याचे मानावे, असे त्यात म्हटले आहे. कर भरून मालकाने सनद घ्यावी, अशी तरतूद होती. काळी आणि पांढरी यांच्यामधील रेघ आता दोनशे मीटर बाहेर गेली. नव्या वसाहतींत मात्र लोकांनी आपली रेघ त्याआधीच ओढली होती. दिलेल्या घरापुढे पत्रे टाकून जागा वाढवली, आणि कोणी तेथे गुरे बांधली, कोणी चूल आणली, तर कोणी जुन्या ओसरीसारखे लहानसे दुकान थाटले.