हे सिमेंट आहे, कोबा नाही

एप्रिलमधल्या एका रात्री हॉलमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. दिवा लावून पाहिलं तर चार टाइल्स एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर उठल्या होत्या. उन्हाळ्यात टाइल्स प्रसरण पावतात. मध्ये फट सोडलेली नसेल आणि खालचा मसाला नीट चिकटलेला नसेल, तर त्यांना वर उठण्याशिवाय जागाच नसते. मिस्त्रीने बाकीच्या टाइल्सवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून पाहिलं. अर्ध्याहून जास्त पोकळ वाजल्या. घराचं काम तसंही काढायचंच होतं, म्हणून सगळ्याच काढल्या. मग स्वयंपाकघर, नळ आणि वायरिंग यांतच पैसे संपले. तेव्हापासून आम्ही उघड्या सिमेंटवर राहतोय.

घर लोहाऱ्याला आहे. धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका नव्हे. यवतमाळ शहराला लागून असलेलं, एमआयडीसीमुळे लोकांना माहीत असलेलं लोहारा. माझं संशोधन सिमेंटच्या रसायनशास्त्रातलं आहे, त्यामुळे सुरुवातीला मला याची गंमतच वाटली. पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्ये लोक मुद्दाम पैसे मोजून अशी जमीन करून घेतात, असं मी आईला सांगितलं. ती झाडू टेकवून म्हणाली, "मग त्यांना म्हणा, ही घेऊन जा. झाडलं की तेवढीच धूळ पुन्हा निघते." आजीचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं: "हे सिमेंट आहे, कोबा नाही."

आजीच्या या वाक्याने मला विचारात पाडलं. कोबा सिमेंटचाच असतो, मग फरक कुठे आहे? तो शोधताना रसायनशास्त्र लागलंच, पण इतिहास जास्त लागला. आज तोच सांगतो.

सिमेंटच्या आधीची जमीन

कोबा हा शब्द सिमेंटपेक्षा जुना आहे. सिमेंट यायच्या आधी वाड्यांमधून चुन्याचा कोबा होत असे. विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर द्यायचा, तो दिवसेंदिवस ठोकायचा आणि वरून घोटायचा. गच्चीवर गळती थांबवायला आजही 'ब्रिकबॅट कोबा' करतात, तो याच घराण्यातला. चुना आपल्याकडे काही लांबून आणावा लागत नव्हता. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या आपल्या जिल्ह्यातल्याच. पण ठोकायला माणसं आणि दिवस लागत, त्यामुळे तो वाड्यांपुरता राहिला. बाकी घरांत भुई मातीची, शेणाने सारवलेली. सारवलेली जमीन उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात पायाला उबदार लागते हे खरं. पण ती दर काही दिवसांनी पुन्हा सारवावी लागते, आणि सारवणारे हात जवळजवळ नेहमी बाईचेच असतात. जुन्या जमिनींचं कौतुक करताना ही मेहनत हिशेबात धरायला हवी.

परमिटचं सिमेंट

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. भारतात पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने इतके झाले की एकमेकांच्या किमती पाडू लागले. मग त्यांनी आधी संघटना केली, १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया काढून सिमेंट कसं आणि कुठे वापरायचं याचा प्रचार सुरू केला, आणि १९३६ मध्ये फ्रामरोज एदुलजी दिनशा यांच्या पुढाकारातून दहा कंपन्यांची मिळून एसीसी झाली. एकीकरण प्रत्यक्षात यायच्या थोडंच आधी दिनशा वारले. मुंबईत फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्येच भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू केली होती. तिच्या नक्षीदार टाइल्सही सिमेंटच्याच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सिमेंटची जमीन ही नवी, स्वच्छ आणि आधुनिक वस्तू होती. तिला कुणी 'अर्धवट' म्हणत नव्हतं.

आमच्या आजीच्या घरात ती सत्तरच्या दशकात आली. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन हवं तेवढं घेता येत नव्हतं. किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होतं, परमिट लागायचं. ही टंचाई किती मोठी होती हे महाराष्ट्राच्या राजकारणावरून कळतं. बिल्डरांना दिलेलं सिमेंट आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये दिला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणाचे खटले पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, आणि १९८९ मध्ये पूर्ण. आज आपल्याच जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला, २०२२ पासून मोठा सिमेंट कारखाना चालू आहे. गोणी हवी तर कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनवर येते.

आजीला परमिटवर मिळालेल्या गोण्या पुढच्या खोलीपुरत्याच पुरल्या. मागची खोली आणि स्वयंपाकघर पुढे कित्येक वर्षं सारवलेलंच होतं. पाहुणा कोब्यावर बसायचा, ती मातीत. पण त्या एका खोलीचं काम तिला अजून पायरीपायरीने आठवतं. मिस्त्रीने ओल्या सिमेंटवर दोरा मारून चौकटी पाडल्या होत्या. उंबऱ्याशी बोटाने साल लिहिलं होतं. आणि मग दाराला आडवी माती लावून खोलीत पाणी भरलं होतं. "दहा दिवस घरात तळं," ती म्हणते. "कोणालाच पाय ठेवू दिला नाही."

तळ्याचं रसायन

फरक या तळ्यात आहे.

सिमेंट वाळून घट्ट होतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावून दोन गोष्टी तयार करतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा चिवट जेल, जो वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतो. दुसरा साधा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ही क्रिया तासाभरात संपत नाही. आठवडे, महिने चालते. पाणी आधीच उडून गेलं तर क्रिया तिथेच थांबते, आणि सगळ्यात आधी थांबते ती पृष्ठभागावर, जिथे आपण चालतो.

दुसरी अडचण जास्त पाण्याची. मसाला सहज पसरावा म्हणून मिस्त्री त्यात गरजेपेक्षा खूप पाणी घालतात. हे जादा पाणी वर येतं, सोबत बारीक गाळ आणतं आणि उडून जाताना मागे छिद्रं ठेवतं. म्हणजे बनवताना पाणी कमी हवं आणि बनल्यावर भरपूर. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं.

भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं, आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस. यवतमाळचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना हे 'उष्ण, कोरडं' समजावून सांगायला नको. आजीच्या मिस्त्रीने ते मानक वाचलेलं नसणार, पण त्याचे दहा दिवस बरोबर होते.

आता आमच्या हॉलची गोष्ट. टाइल्स काढल्यावर खाली उरतो तो त्यांचा बिछाना: कमी सिमेंटचा, जाडसर वाळूचा मसाला. टाइल त्यावर कायमची झाकून राहणार म्हणूनच तो तसा केलेला असतो. आमच्या कंत्राटदाराने त्यावरचे खड्डे भरून एक पातळ हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी पंखा लावून वाळवला. कोब्याची रीत वेगळी. त्यात ४० मिलिमीटर जाड, एकास दोन आणि चार प्रमाणाचं खडीचं काँक्रीट असतं, वर निव्वळ सिमेंटचा हात देऊन लोखंडी गुरमाळ्याने घोटलेलं, आणि मग पाण्याखाली ठेवलेलं. कागदोपत्री याला 'इंडियन पेटंट स्टोन' म्हणतात; कंत्राटदार 'आयपीएस' म्हणतात. दोन्ही जमिनी राखाडी दिसतात. एकीवर पाण्याचा थेंब बराच वेळ टिकून राहतो, दुसरी तो काही सेकंदांत पिऊन टाकते. आमची दुसरी होती. खिळ्याने ओरखडा काढला की बोटभर भुकटी निघायची.

रांगणारं मूल

इथपर्यंत हा कुतूहलाचा विषय होता. मग बहीण तिच्या अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन राहायला आली, आणि तो दिवसभर त्या जमिनीवर रांगू लागला. संध्याकाळी त्याचे गुडघे राखाडी आणि तळहात कोरडे झालेले असायचे.

मुलं आणि जमीन यांच्याबद्दलचा एक अभ्यास तेव्हा मी पुन्हा काढून वाचला. मेक्सिकोतल्या कोआविला राज्याने २००० साली मातीची जमीन असलेल्या घरांना फुकट सिमेंटची जमीन करून द्यायला सुरुवात केली. योजनेचं नाव 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की जमीन. राज्याच्या सीमेवरचं तोर्रेऑन शहर आणि त्याला चिकटून, पण शेजारच्या दुरांगो राज्यात असलेली शहरं यांची अर्थशास्त्रज्ञांनी तुलना केली. हवा, पाणी, उत्पन्न जवळपास सारखं; योजना एकीकडेच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरातली सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली, तर लहान मुलांमधला परजीवींचा संसर्ग ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो. शिवाय आया जास्त समाधानी आणि कमी खिन्न आढळल्या. खर्च घरटी सुमारे दीडशे डॉलर.

त्यामुळे सिमेंटच्या जमिनीला कमी लेखू नका. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४६.५ टक्के घरांची जमीन मातीची होती आणि ३१.१ टक्के घरांची सिमेंटची. दहा वर्षांपूर्वी मातीचा आकडा ५७.१ टक्के होता. आपल्याकडच्या कोलाम पोडावरच्या एखाद्या घरकुलात सिमेंटची जमीन होणं म्हणजे मुलाच्या पोटात जंत कमी होणं. तिथे ती पुढचं पाऊल आहे. आमच्यासारख्या टाइल्स काढलेल्या फ्लॅटमध्ये मात्र 'सिमेंट' या एकाच शब्दाखाली वेगळीच वस्तू लपते. मेक्सिकोतला फायदा घट्ट, धुता येणाऱ्या जमिनीचा होता. भुकटी सोडणाऱ्या जमिनीला तो गृहीत धरता येत नाही.

मग आम्ही काय केलं

तुम्हीही असंच राहत असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

पहिलं, कोरडा झाडू बंद केला आणि ओला पोछा सुरू केला. वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. याच कारणाने मूल घरात असताना जमीन कोरडी घासून घेऊ नका. दुसरं, पांढरे डाग घालवायला अ‍ॅसिड वापरू नका. अ‍ॅसिड त्या डागासोबत जमिनीतला चुनाही विरघळवतं, आणि धूळ वाढते. तिसरं, बाजारात सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण मिळतं. ते छिद्रांत उतरून तिथल्या मोकळ्या चुन्याशी क्रिया करतं आणि त्यातून पुन्हा तोच जेल बनतो, जो दहा दिवसांच्या पाण्याने आधीच व्हायला हवा होता. आम्ही ते दोन खोल्यांत मारलं. धूळ बरीच कमी झाली, पण थांबली नाही. मुळात सिमेंटच कमी असेल तर चुना कमी, आणि चुना कमी तर जेल कमी. औषधाने बिछान्याचा कोबा होत नाही.

हॉलसाठी आजीने हट्ट धरला. जुना बिछाना पूर्ण खणून काढला, म्हणजे नवा थर त्याच उंचीत बसेल आणि स्लॅबवर वजन वाढणार नाही. साठी ओलांडलेला एक मिस्त्री शोधला. तरुण कारागिरांना टाइल्स सुरेख बसवता येतात, पण घोटाईचं काम त्यांच्याकडे फारसं आलेलंच नसतं. त्याने एका दिवसात काँक्रीट टाकलं, संध्याकाळी उकिडवं बसून मागे सरकत सरकत घोटलं. दुसऱ्या दिवशी दाराशी मातीची बांधणी करून पाणी भरलं. दहा दिवस आम्ही स्वयंपाकघर आणि एका खोलीत काढले. रोज सकाळी पाणी किती उतरलं ते आजी दारातून बघायची आणि मला बादली आणायला लावायची.

पाणी काढल्यावर भाचा त्यावर रांगला. संध्याकाळी बहिणीने त्याचे गुडघे पुसले. कापड पांढरंच राहिलं.

जनगणनेचा माणूस घराची यादी करायला येईल तेव्हा आमच्या तिन्ही खोल्यांपुढे एकच उत्तर लिहील: सिमेंट. आजी त्याला हॉलमध्येच बसवणार आहे.