पूलचा पहिला क्यू निवडताना

पूल शिकू लागलेल्या खेळाडूला स्वतःच्या क्यूची निकड लगेच भासत नाही, कारण पार्लरमध्ये टेबलाबरोबर क्यूही मिळतो. मात्र तेथील क्यू दिवसभर अनेकांच्या हातांतून जातात. एकाची टिप झिजलेली असते, दुसऱ्याला बाक आलेला असतो. दर वेळी निराळा क्यू हाती आला, की नेम हातामुळे चुकला की क्यूमुळे, हे उमगत नाही. शिवाय वाकड्या क्यूशी जुळवून घेताना हाताला जडलेली सवय पुढे सहज सुटत नाही. आपली चूक आपल्याला ओळखता यावी, हेच स्वतःचा क्यू घेण्याचे खरे प्रयोजन होय.

खेळ कोणता? : आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकरची परंपरा जुनी आहे. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाल्याचे मानले जाते, तर पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. पूलसाठी मात्र स्नूकरचा क्यू घेऊ नये. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असल्याने त्या क्यूची टिप साधारण ९ ते १० मिलिमीटरची असते. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचा आणि अधिक वजनदार असतो. त्यासाठी १२ ते १३ मिलिमीटर टिपचा, शक्यतो मेपल लाकडाचा क्यू योग्य ठरतो.

सरळपणा : ही पहिली कसोटी. शाफ्ट म्हणजे पुढचा निमुळता भाग आणि बट म्हणजे मागचा जाड भाग, हे दोन्ही आधी सुटे व नंतर जोडून तपासावेत. बटाकडून टिपेकडे एका डोळ्याने पाहत क्यू सावकाश फिरवावा. मग तो सपाट टेबलावर लोळवावा. क्यू निमुळता असल्याने खाली थोडी फट दिसणे स्वाभाविक आहे. परंतु लोळताना ती फट कमीजास्त होत असेल, तर तो क्यू नाकारावा.

वजन आणि लांबी : बहुतेक क्यू १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाचे असतात. नवोदिताने १९ औंसांच्या आसपास सुरुवात करावी. प्रचलित लांबी ५८ इंच असते. टिप पांढऱ्या चेंडूला भिडताना मागच्या हाताचा कोपराखालील भाग सरळ खाली लोंबता असावा आणि पकड बटाच्या अगदी टोकाशी जाऊ नये.

टिप : चेंडूशी संबंध येतो तो फक्त चामड्याच्या या लहानशा तुकड्याचा. म्हणून ती स्क्रूची नव्हे, तर चिकटवलेली, मध्यम कडकपणाची आणि घुमटासारखी गोलसर असावी. चपट्या व गुळगुळीत टिपेवर चॉक टिकत नाही आणि क्यू चेंडूवरून घसरतो. टिप झिजल्यावर बदलता येते. वाकलेला शाफ्ट मात्र सरळ होण्याची फारशी आशा नसते.

खर्च कोठे करावा? : बटावरील नक्षीने किंमत वाढते, खेळ नव्हे. चेंडूला बाजूची फिरकी देताना तो नेमाच्या रेषेपासून किंचित विरुद्ध बाजूला सरकतो. हे सरकणे कमी करणारे खास शाफ्ट आणि अलीकडचे कार्बन फायबरचे शाफ्ट महाग असतात. चेंडूच्या मध्यावर नीट मारणे साधेपर्यंत त्यांची गरज नाही. उरलेल्या पैशांतून कडक केस घ्यावी. पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील उष्णता लाकडाला बाधतात. क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवण्याची सवयही टाळावी.

क्यू घरी आणल्यावर एक साधा सराव करावा. पार्लरमधील टेबलाच्या एका टोकाला मध्यरेषेवर पांढरा चेंडू ठेवून तो सरळ समोरच्या कडेवर मारावा आणि मारल्यावर क्यू जागेवरून हलवू नये. चेंडू परत येऊन टिपेलाच लागला, तर फटका सरळ बसला. तो डावी-उजवीकडे गेला, तर सुधारणा हातात करायची आहे, हे आता निःशंकपणे कळते.