अवघड जागेचे दुखणे : सायकलच्या सीटची दोनशे वर्षे

'खोगीरभरती' हा शब्द आज आपण बहुधा पुस्तकांबद्दलच वापरतो. (दिवाळी अंकांबद्दल वापरणारेही आहेत, पण ते असो.) शब्द मूळचा तबेल्यातला. खोगिरात ठासायला चिंध्या, काथ्या, जे हाताशी येईल ते चालायचे, म्हणून निरुपयोगी भरताडाला तो चिकटला. घोडा गेला, सायकल आली, आणि खोगीर भरायची सवय मात्र गेली नाही. लांबच्या सायकलप्रवासाची हौस लागलेला माणूस आजही आधी दुकानात जाऊन सीटवर घालायचे जाडजूड मऊ कव्हर घेऊन येतो. पन्नास-साठ किलोमीटर झाले की दुखणे होते तिथेच असते, वर बधिरपणा वाढलेला असतो.

मऊपणा हा त्यावरचा उपाय का ठरत नाही, हे कळायला फार वर्षे लागली. त्यापेक्षा महत्त्वाचे असे की, या सगळ्या काळात दोष सीटचा की बसणाऱ्याचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा 'बसणाऱ्याचा' असेच दिले गेले. बसणारी बाई असली तर हमखास. चाक, टायर, ब्रेक, गिअर यांचे इतिहास जाडजूड ग्रंथांत सापडतात. सीटचा इतिहास मात्र पेटंटांत, जाहिरातींत आणि वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेला आहे. अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे म्हण आहे. सीटबद्दल मोकळेपणी बोलणे जगभर सगळ्यांनाच त्या सासूसारखे जड गेले.

सुरुवात घोड्यापासूनच करायला हवी. घोडेस्वाराची 'मांड' पक्की असते म्हणजे त्याचे वजन नुसत्या बैठकीवर नसते. मांड्यांनी तो घोडा आवळतो, रिकिबीत पाय रोवतो. कार्ल ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी मानहाइममधून जे लाकडी दुचाकी यंत्र बाहेर काढले, त्यालाही गादीची बैठक होती. पण त्याला पॅडल नव्हते. स्वार पायांनी जमीन मागे ढकलत जायचा आणि कोपरापुढचे हात समोरच्या फळीवर टेकवायचा, त्यामुळे वजन वाटले जायचे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल आले आणि दोन्ही पाय जमिनीवरून कायमचे सुटले. मांड मोडली. आता धड पेलायला तीनच जागा उरल्या : हात, पॅडल आणि सीट. त्यातही पाय सतत फिरते, म्हणून मांड्यांच्या मधला भाग अरुंद हवा, नाहीतर जांघा सोलून निघणार. सीटचे पुढे निमुळते होणारे नाक इथून आले आणि पुढचे बहुतेक सगळे भांडण त्या नाकाचे आहे.

लाकडी चाके आणि लोखंडी धावा यांमुळे त्या पहिल्या सायकली हाडे खिळखिळी करायच्या. सीट लांबलचक पट्टीच्या स्प्रिंगवर बसवणे हा त्यावरचा उपाय होता. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' आली, तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचे टायर काढले, आणि हादऱ्यांचा प्रश्न बराचसा निकालात निघाला. आता माणूस तासन्‌तास बसू शकत होता आणि नेमके तेव्हाच दुसरे दुखणे वर आले. ते धक्क्याचे नव्हते, दाबाचे होते.

दाबावरचे सर्वांत टिकाऊ उत्तर एका घोड्याच्या साजवाल्याने दिले, यात नवल नाही. जॉन बूल्टबी ब्रुक्स याने १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला चामड्याचा धंदा मांडला. त्याचा घोडा मेला, त्याने उसनी सायकल घेतली, तिची बैठक असह्य वाटली म्हणून स्वतः बनवायला घेतली, अशी कथा कंपनी सांगते. कंपन्यांच्या जन्मकथा जरा हात राखूनच ऐकाव्यात, पण १८८२ चे त्याचे पेटंट खरे आहे. त्या सीटची रचना आपल्या बाजेसारखी असते. मागे धातूची रुंद कमान, पुढे छोटे नाक, आणि दोन्हींच्या मध्ये जाड चामडे तांब्याच्या रिव्हेटांनी ताणून बसवलेले. खाली काहीही भरलेले नाही. माणूस झोळीत बसतो. बाज सैल झाली की आपण दोरी ओढतो, तसा इथे नाकाखालचा नट पिळायचा. नवी सीट दगडासारखी कडक असते. काहीशे किलोमीटरनंतर नव्या कोल्हापुरी वहाणेसारखी ती अंग सोडते आणि बैठकीच्या दोन हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात. म्हणजे मोजमाप न घेता ती सीट त्या माणसाची होते. 'बी-१७' हा तिचा नमुना शतकाहून अधिक काळ विकला जातो आहे.

आपल्याकडे याच घराण्यातली स्प्रिंगवाली रुंद सीट इंग्रजी सायकलींबरोबर आली आणि वरळीच्या हिंद सायकलपासून आसनसोलच्या सेन-रॅलेपर्यंत देशी कारखान्यांच्या काळातही टिकली. पुढे चामड्याच्या जागी रेक्झिन आले. त्या उंच हँडलच्या सायकलवर माणूस ताठ बसतो, सगळे वजन मागे येते, आणि पुण्यातल्या पेठेतून कचेरीपर्यंत जायला ती बैठक पुरेशी होती. लांब जाणारेही होते. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ऑक्टोबर १९२३ मध्ये निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परतले. प्लॅस्टिकचा सांगाडा, जेल, यांपैकी काहीही त्या काळात नव्हते.

पण सीटचा खरा खटला त्याआधीच, १८९० च्या दशकात, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चालला. सायकलीची लाट आली होती आणि त्या लाटेत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एकटीने, कोणाला न विचारता, गावाबाहेर जाता येईल असे वाहन त्यांच्या हाती प्रथमच आले होते. त्यांना अडवायला चारित्र्याची भाषा जुनी झाली होती, म्हणून आरोग्याची भाषा आली. सायकलीने चेहरा कायमचा ताठरतो, असेही गंभीरपणे छापले गेले. सीटबद्दलची शंका त्याहून नाजूक होती. नाकाच्या दाबाने आणि घर्षणाने स्त्रीला नको ती उत्तेजना मिळेल, अशी भीती डॉक्टर मंडळी शास्त्रीय नियतकालिकांतून व्यक्त करू लागली. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन यांचा १८९५ चा लेख या वादात नेहमी दाखवला जातो. तो पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण डिकिन्सन सायकलीच्या विरोधात मुळीच नव्हते. स्त्रियांना व्यायाम हवा, सायकल चांगली, असेच त्यांचे मत होते. तरी नाक वर उचललेली सीट आणि पुढे झुकलेली स्त्री यांबद्दलची धास्ती त्यांनाही सुटली नाही.

मला यात खटकते ते हे. नाकाचा दाब ही खरी गोष्ट होती. शरीराचे वजन दोन हाडांऐवजी त्यांच्या मधल्या मऊ भागावर आले की तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात, मुंग्या येतात, भाग बधिर होतो, सोलवटतो. स्त्रियांना वेदना होत असणार, बधिरपणा येत असणार. पण वैद्यकीय चर्चेत वेदनेपेक्षा जास्त जागा सुखाच्या भयाने खाल्ली. दुखते का, हे विचारण्याआधी आवडते का, असे विचारले गेले.

कारखानदारांनी मात्र या वादात बाजारपेठ पाहिली. ओहायोतल्या एलिरियाचा आर्थर गारफर्ड गादी भरलेल्या सीटा विकून श्रीमंत झाला. पुढे मोटारी आल्यावर तो मोटारींच्या धंद्यात गेला. हवा ओळखणारा माणूस. भरती केलेली सीट दुकानात बोटाने दाबून पाहायला उत्तम. तिचा दोष बसल्यावर कळतो. हाडे गादीत रुततात आणि मधली गादी फुगून वर येते, म्हणजे जिथे दाब नको तिथेच तो येतो. हे ओळखलेली सीटही तेव्हाच बाजारात होती. स्पाल्डिंग कंपनीची 'ख्रिस्टी' धातूच्या सांगाड्याची होती, हाडांखाली दोन गाद्या, मध्ये मोकळी जागा, आणि स्त्रियांसाठी निराळा नमुना. तिच्या जाहिरातीत कमरेखालच्या हाडांचा सांगाडा साध्या सीटवर आणि ख्रिस्टीवर कसा टेकतो, याची दोन चित्रे शेजारी शेजारी असत. आजच्या दुकानातला विक्रेता जे समजावून सांगतो, ते बहुतेक त्या दोन चित्रांत आहे. मग शतक संपता संपता अमेरिकेतली लाट ओसरली, धंदे बुडाले, आणि ते ज्ञानही बाजूला पडले.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सीटचा विचार मुख्यतः शर्यतवाल्या पुरुषांसाठी झाला. १९६० च्या दशकात इटलीच्या चिनेल्लीने प्लॅस्टिकच्या सांगाड्याची सीट आणली. वजन घटले, पण प्लॅस्टिक चामड्यासारखे कोणाच्या हाडाला जागा देत नाही. या काळात दुखणे सहन करणे हा शर्यतीचा भागच मानला जाई. लुईसाँ बोबे १९५५ चा टूर द फ्रान्स बैठकीवरच्या गळवांसह जिंकला, नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि पूर्वीचा बोबे पुन्हा दिसला नाही. शॉन केली १९८७ च्या स्पेनच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर असताना, शेवट जवळ आलेला असताना, अशाच गळवामुळे उतरला.

अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या अभियंता बाईंनी १९८५ मध्ये स्त्रियांच्या मापाच्या सायकली बनवणारी कंपनी काढली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मध्ये भोक असलेली सीट विकायला आणली. तिचा फार गाजावाजा झाला नाही. मग १९९७ मध्ये बोस्टनचे डॉक्टर अर्विन गोल्डस्टाइन यांच्या इशाऱ्यावरून सायकलीमुळे पुरुषांना नपुंसकत्व येते, अशी चर्चा एका मोठ्या मासिकातून पेटली. पाहता पाहता मोठ्या कंपन्यांच्या यादीत खाचेच्या सीटा आल्या. स्त्रियांच्या बाबतीत शंका आली तेव्हा 'बाईने बसावे का' असा प्रश्न निघाला होता. पुरुषांवर आले तेव्हा कोणी 'पुरुषाने बसावे का' असे फारसे विचारले नाही, सीट बदलली.

ती भीती नंतर बरीच निवळली. सायकलस्वारांची धावणाऱ्यांशी आणि पोहणाऱ्यांशी तुलना करणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सायकलस्वारांचे लैंगिक आरोग्य खालावलेले आढळले नाही. बधिरपणा मात्र खराच. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा दिल्या. त्याआधी बधिरपणा येत नाही असे सांगणारे २७ टक्के होते, नंतर ८२ टक्के. त्यांतले फक्त तिघे जुन्या सीटकडे परतले. तरीही बिननाकाची सीट रस्त्यावर क्वचितच दिसते. ती विचित्र दिसते आणि मांड्यांनी सायकल सावरायची सवय मोडते. शिवाय आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने शर्यतीतली सीट किमान २४ सेंटिमीटर लांब असावी लागते. शर्यतीत न उतरणारेही शर्यतवाल्यांसारखीच सायकल घेतात, हे आपण रोज पाहतो.

आता महाराष्ट्रातही हा प्रश्न कचेरीपुरता राहिलेला नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती शर्यत एकट्याने पुरी केली. चाळीस तासांत ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पूर्ण करणारे स्त्री-पुरुष गावोगाव आहेत. त्यांच्यातले जाणते लोक नव्या माणसाला मऊ कव्हर घेऊ देत नाहीत. आधी हाडांमधले अंतर मोजायला सांगतात. स्त्रियांमध्ये ते सरासरीने जास्त असते, पण रुंद हाडांचे पुरुष आणि अरुंद हाडांच्या स्त्रिया भरपूर आढळतात, त्यामुळे 'लेडीज सीट' ही पाटी पाहून काही ठरवता येत नाही. ताठ बसणाऱ्याला रुंद सीट लागते, हँडलवर वाकणाऱ्याला अरुंद. मोजायला उपकरण लागत नाही. कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवायचा, त्यावर बसून किंचित पुढे वाकायचे, टाचा उचलायच्या, मिनिटभर थांबायचे. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर घ्यायचे आणि सीटची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरायची. पुठ्ठा जुन्या खोक्याचा चालतो, फक्त पन्हाळीचा हवा. आणि स्टुलावर गादी नको.