मेट्रोपॉलिटन कम्यूनिटी चर्च
समलिंगी स्त्रीपुरुषांना उपासनेत व संस्कारांत समान स्थान देण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थापन झालेला एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ. त्याचा आरंभ ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस अँजेल्सजवळील हंटिंग्टन पार्क येथे एका घराच्या बैठकीच्या खोलीत झाला. पहिल्या उपासनेस बारा माणसे हजर होती. ज्या धर्माच्या आधारे समलिंगी व्यक्तींना शतकानुशतके पापी ठरविण्यात आले, त्याच धर्मातून समतेच्या लढ्याला लागणारी आशा मिळविण्याचा प्रयत्न हे या पंथाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

त्या काळी इलिनॉय वगळता सर्व राज्यांत समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा होता. वैद्यकशास्त्र त्याची गणना मानसिक विकारांत करी. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही गणना डिसेंबर १९७३ मध्ये रद्द केली. मात्र गुन्हा व विकार या दोहोंपेक्षा पापाचा शिक्का अधिक खोलवर जाई. न्यायालयाची शिक्षा केव्हातरी संपते. पण ईश्वरानेच आपल्याला टाकून दिले आहे, असे ज्याला पटलेले असते, त्याला दाद मागण्यास दुसरी जागा उरत नाही.

पंथाचा संस्थापक ट्रॉय पेरी (ज. १९४०) हा मूळचा फ्लॉरिडा राज्यातील. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला बॅप्टिस्ट पंथाकडून प्रवचनाची अनुज्ञा मिळाली. पुढे तो पेंटेकोस्टल परंपरेतील एका पंथाचा पाळक झाला. त्याचा विवाह झाला, दोन मुलगेही झाले. आपण समलिंगी असल्याचे त्याने मान्य केल्यावर त्याचे पद गेले आणि संसारही मोडला. सक्तीच्या लष्करी सेवेहून परतल्यावर १९६८ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. त्याच वर्षी पोलिसांनी एका मद्यगृहात केलेल्या कारवाईत त्याचा एक मित्र पकडला गेला. सुटून आल्यावर या मित्राने, देवाला आपल्यासारख्यांची पर्वा नाही, असे उद्गार काढले. पेरीला स्वतःला हाच संशय पूर्वी छळून गेला होता. मित्राचे म्हणणे खोडून काढण्यासाठी त्याने ॲडव्होकेट  या समलिंगींच्या नियतकालिकात जाहिरात देऊन उपासनेचे निमंत्रण दिले. घर अपुरे पडू लागल्यावर उपासना हॉलिवुडमधील एका चित्रपटगृहात भरू लागली. १९७० मध्ये निरनिराळ्या शहरांतील मंडळ्यांचा संघ स्थापन झाला आणि मार्च १९७१ मध्ये लॉस अँजेल्स येथे मंडळीच्या स्वतःच्या वास्तूचे समर्पण झाले.

धर्ममतांच्या बाबतीत हा पंथ बंडखोर नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रेषितांचा व नायसियाचा विश्वासांगीकार त्याला मान्य आहे. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार तो पाळतो. प्रभुभोजनाचे मेज मात्र कोणत्याही पंथाच्या माणसास खुले असते. मतभेद आहे तो बायबलच्या अर्थनिर्णयाचा. सदोम नगराच्या नाशाची उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायातील कथा परंपरेने समलिंगी संबंधांशी जोडली गेली. यहेज्केलच्या १६ व्या अध्यायात मात्र त्याच नगराचा दोष गर्व आणि सुबत्तेत राहून गरिबांकडे केलेले दुर्लक्ष असा दिला आहे. इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मोपदेशक डेरिक शेर्विन बेली याने १९५५ मध्येच या कथेचा रूढ अर्थ तपासून नाकारला होता. प्रेषितांची कृत्ये यातील कूशी षंढाची कथाही या संदर्भात महत्त्वाची ठरते. मोशेच्या नियमशास्त्राने अशा माणसास मंडळीबाहेर ठेवले होते. फिलिप्पाने त्याला वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा दिला. विरोधक लेवीय व रोमकरांस पत्र यांतील वचनांकडे बोट दाखवितात आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पंथाची खरी कसोटी १९७३ मध्ये लागली. त्या वर्षी २७ जानेवारीस लॉस अँजेल्सची वास्तू आगीत भस्मसात झाली. २४ जून रोजी न्यू ऑर्लीअन्स येथील ‘अपस्टेअर्स लाउंज’ या वरच्या मजल्यावरील मद्यगृहास कोणीतरी जिन्यातून आग लावली. रविवार होता, उपासनेनंतर तेथील मंडळीचे अनेक सभासद त्या ठिकाणी जमले होते. एकूण बत्तीस जण मृत्यू पावले. त्यांत पाळक बिल लार्सन होता. खिडकीच्या गजांत अडकलेला त्याचा देह कित्येक तास रस्त्यावरून दिसत राहिला. काही मृतांची ओळख पटली नाही, तर काहींचे देह कुटुंबीयांनी स्वीकारले नाहीत. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्यास शहरातील अनेक चर्चनी नकार दिला. एका एपिस्कोपल पाळकाने लहानशी प्रार्थनासभा घेतली, त्याबद्दल त्याला वरिष्ठांचा रोष पत्करावा लागला. अखेर १ जुलै रोजी एका मेथडिस्ट चर्चमध्ये स्मरणोपासना झाली. उपासना संपताना बाहेर छायाचित्रकार उभे असल्याचे कळले. छायाचित्र छापून येणे म्हणजे नोकरी व घर दोन्ही गमावणे, अशी तेव्हाची स्थिती होती. दुसऱ्या दाराने जाण्याची मोकळीक देण्यात आली, तरी कोणीही त्या दाराने गेले नाही, असे उपस्थितांनी नोंदविले आहे. नगरपरिषदेने या शोकांतिकेतील उपेक्षेबद्दल २०२२ मध्ये क्षमा मागितली.

उपासनेबरोबर नागरी हक्कांचा लढाही पंथाने प्रारंभापासून अंगावर घेतला. लॉस अँजेल्समधील जून १९७० च्या पहिल्या मिरवणुकीच्या संयोजकांत पेरी होता. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याच्या कॅलिफोर्नियातील प्रस्तावाविरुद्ध निधी उभारण्यासाठी त्याने १९७७ मध्ये सोळा दिवस उपोषण केले. हे साधन मराठी वाचकांस परके वाटू नये. नोव्हेंबर १९७८ मध्ये मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. चळवळीतील काहींना मात्र चर्चशी नाते ठेवणे हेच शरणागतीचे लक्षण वाटे. इतर चर्चनीही या पंथास जवळ केले नाही: अमेरिकेतील राष्ट्रीय चर्च परिषदेने त्याच्या सभासदत्वाचा प्रश्न १९८३ मध्ये बेमुदत पुढे ढकलला आणि १९९२ मध्ये निरीक्षकाचा दर्जाही नाकारला. दोन्ही बाजूंनी परके ठरलेल्या या मंडळ्या तरीही टिकल्या.

विवाहाच्या प्रश्नात पंथाने जुन्या चर्चरूढीचा चतुराईने उपयोग केला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात विवाहाची सूचना चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी वाचल्यास शासकीय परवान्याची गरज नसे. टोराँटो येथील पाळक ब्रेंट हॉक्स याने डिसेंबर २००० मध्ये दोन समलिंगी जोडप्यांची सूचना वाचली. १४ जानेवारी २००१ रोजी त्याने त्यांचे विवाह लावले. धमक्या आल्याने त्या दिवशी त्याने झग्याखाली गोळीरोधक जाकीट घातले होते. प्रांताच्या शासनाने विवाहांची नोंद करण्यास नकार दिला. १० जून २००३ रोजी तेथील अपील न्यायालयाने ते वैध ठरवून दोन्ही विवाहांची प्रमाणपत्रे नोंदणीसाठी स्वीकारण्याचा आदेश दिला.