पन्हाळ्याचा घाट आणि स्कूटरचे दोन स्वभाव

#थ्रेड

१/ कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून निघालेला रस्ता वाघबीळला रत्नागिरीचा मार्ग सोडतो आणि पन्हाळ्याकडे वळतो. अंतर सुमारे २० किलोमीटर. एवढ्याच अंतरात वाहनाकडे दोन परस्परविरोधी गुण मागितले जातात : महाद्वार रोडच्या गर्दीत चपळाई, घाटात स्थैर्य. स्कूटरचा इतिहास याच ओढाताणीचा आहे.

२/ १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला. शत्रूला अडवण्यासाठी बांधलेली ती जागा आज वाहनांच्या प्रवेशाची वाट आहे. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी येऊन थांबणारी प्रत्येक स्कूटर याच वाटेने वर येते.

३/ १९४६ मध्ये इटलीत कोर्राडिनो दास्कानियो यांनी व्हेस्पा घडवली. इंजिन मागच्या चाकापाशी गेल्याने पुढे पाय ठेवायला सपाट जागा मिळाली. साडी नेसलेली स्त्री, बाजाराची पिशवी, लहान मूल या सर्वांना त्या जागेने सामावून घेतले.

४/ पियाजिओचा परवाना संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. काम मात्र कुटुंबाचा भार वाहण्याचे. चार गिअर, लहान चाके, सोबत स्टेपनी. घाट उतरताना चालक खालचा गिअर टाकून वेग आवरू शकत असे.

५/ १९८४ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने होंडाच्या सहकार्याने गिअर नसलेली स्कूटर बाजारात आणली. शहरात डाव्या हाताचे श्रम संपले. मात्र अशा गाडीत वेग फार उतरला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा अडसर नाहीसा होतो. उतारावरची मदार ब्रेकवर आली.

६/ याच सुमारास जगात मॅक्सी-स्कूटर अवतरली. १९८६ ची होंडा हेलिक्स लांब, बुटकी, ऐसपैस : टूरिंगची आद्य प्रतिमा. २००१ च्या यामाहा टीमॅक्सने चाकासोबत हलणारे इंजिन चौकटीत पक्के बसवले. गाडी वळणावर मोटरसायकलसारखी स्थिर झाली : ही स्पोर्टी शाखा.

७/ महाराष्ट्रात २००६ मध्ये कायनेटिकने इटालजेटच्या आराखड्यावरची १६५ सीसी ‘ब्लेझ’ आणली. रूप मॅक्सीचे होते. बाजार अजून तयार नव्हता. ती फार काळ टिकली नाही.

८/ पुढचा अध्याय बारामतीचा. पियाजिओच्या तेथील कारखान्यातून २०१६ मध्ये एप्रिलियाची चपळ ‘एसआर’ निघाली आणि २०२० च्या अखेरीस ऐसपैस ‘एसएक्सआर १६०’ आली. एसआरही तोवर १६० सीसीची झाली होती. इंजिन तेच, स्वभाव मात्र दोन.

९/ एसआर अरुंद, हलकी, १४ इंची चाकांची. एसएक्सआर रुंद, लांब आसनाची, वारा अडवणाऱ्या मोठ्या काचेची. चाके मात्र १२ इंची. म्हणजे प्रवासासाठी घडवलेल्या गाडीची चाके लहान! खड्डा मोठे चाक अधिक सहज ओलांडते. ‘टूरिंग’ या शब्दावर विसंबणाऱ्याला हे ध्यानात येत नाही.

१०/ रोज एकट्याने पेठांतून वाट काढणाऱ्याला चपळ गाडी न्याय देते. आठवड्याला दोघांनी गड चढणाऱ्यांना लांब आसन आणि काच. दोघांनाही घाटात एकच गोष्ट तारते : ब्रेकची पारख आणि पावसाळ्यात आवरलेला वेग.

११/ २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. ज्यांनी हा गड बांधला त्यांनी आधी डोंगराची चढण पाहिली, मग तट उभारला. वाहन निवडणाऱ्यानेही आधी रस्ता पाहावा, मग नाव.